पीडीएफमध्ये दुरुस्ती, तीही आपल्याच कॉम्प्युटरवर

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय पीडीएफबद्दल, म्हणजे नेमकं सांगायचं तर पीडीएफमधली चूक सुधारण्याबद्दल. फाइल आलेली असते, त्यात आडनाव चुकलेलं असतं किंवा तारीख जुनीच राहिलेली असते, मूळ वर्डची फाइल कुणाकडे आहे ते कुणालाच माहीत नसतं आणि संध्याकाळपर्यंत ती पुढे पाठवायची असते. मग बहुतेक जण काय करतात तर नेटवर शोधतात, पहिली जी वेबसाइट दिसेल ती उघडतात आणि फाइल तिथे अपलोड करून मोकळे होतात. आता त्या फाइलमध्ये पत्ता असतो, खाते नंबर असतो, कधी कधी तर तब्येतीचे रिपोर्ट असतात, आणि ती कुठल्या सर्व्हरवर गेली, तिथून कधी पुसली जाणार, मुळात पुसली जाणार का, याचा आपल्याला पत्ताच नसतो. मला याची मनापासून काळजी वाटते, कारण हेच काम आपल्या कॉम्प्युटरवर, इंटरनेट बंद ठेवून, एक पैसाही न देता होतं.

त्यासाठी लागतं लिबरऑफिस, म्हणजे वर्ड-एक्सेलसारख्या प्रोग्रामचा एक संच. फुकट आहे, ओपन सोर्स आहे म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं. याचं मूळ जर्मनीतल्या स्टारऑफिसमध्ये, ते 1999 मध्ये सन कंपनीने विकत घेतलं, पुढच्या वर्षी त्याचा कोड सगळ्यांसाठी खुला केला आणि त्यातून ओपनऑफिस झालं. 2010 मध्ये सन कंपनी ओरॅकलकडे गेल्यावर त्यावर काम करणाऱ्या बऱ्याच लोकांनी वेगळं होऊन द डॉक्युमेंट फाउंडेशन नावाची संस्था काढली आणि लिबरऑफिस सुरू केलं. म्हणजे हे कुठल्या एका कंपनीच्या मर्जीवर चालत नाही, आणि उद्या अचानक पैसे भरा म्हणून पाटी दिसेल अशीही भीती नाही.

आता पुढे जायच्या आधी एक गोष्ट समजून घ्यायला हवी, नाहीतर नंतर चिडचिड होते. पीडीएफ हा प्रकार ॲडोबीने 1993 मध्ये आणला तो एडिट करण्यासाठी नाहीच, कुठल्याही मशीनवर आणि कुठल्याही प्रिंटरवर पान जसंच्या तसं दिसावं म्हणून आणला. त्यामुळे साध्या पीडीएफच्या आत परिच्छेद असा नसतोच. हे अक्षर, या फॉन्टमधलं, पानावर अमुक ठिकाणी ठेवा, मग पुढचं अक्षर इथे, मग रेघ इथून तिथपर्यंत, अशा सूचनांची ती यादी असते. आपल्याला टेबल दिसतं पण फाइलच्या लेखी त्या नुसत्या रेघा आणि मधे विखुरलेले आकडे असतात. 2008 मध्ये पीडीएफ आयएसओ स्टँडर्ड, म्हणजे आंतरराष्ट्रीय मानक झालं, त्याचा सगळा तपशील खुला आहे, म्हणूनच लिबरऑफिससारख्या सॉफ्टवेअरला कुणाची परवानगी न मागता ते वाचता येतं आणि तयारही करता येतं.

तर लिबरऑफिसमधून पीडीएफ उघडली की ती रायटरमध्ये, म्हणजे त्यातल्या वर्डसारख्या प्रोग्राममध्ये नाही, ड्रॉमध्ये उघडते. ड्रॉ म्हणजे त्यातला चित्र काढायचा प्रोग्राम. लोकांना वाटतं काहीतरी बिघडलं, पण तसं नाहीये, आत्ताच सांगितलं तसं पीडीएफ हे एका अर्थी चित्रच आहे, त्यामुळे ड्रॉ हीच त्याची योग्य जागा. डावीकडे पानं दिसतात, मधे मोठं पान दिसतं. ज्या ओळीत चूक आहे तिच्यावर डबल क्लिक करा, कर्सर येतो, तारीख बदला, बाहेर क्लिक करा, झालं. एखादी गोष्ट हाताला लागत नसेल तर ती बहुतेक ग्रुपमध्ये अडकलेली असते, राइट क्लिक करून अनग्रुप करा. आणि सेव्ह करताना मात्र लक्ष ठेवा, सेव्ह केलं तर तो ड्रॉची फाइल करायला बघतो, आपल्याला फाइल मेनूतलं एक्सपोर्ट ॲज पीडीएफ घ्यायचंय, आणि तेही नवीन नावाने, जुन्या फाइलवर कधीच नाही.

छोटी दुरुस्ती अशी पटकन होते. पण एका ओळीत तीन शब्द जास्तीचे घालायला गेलात की लक्षात येतं की प्रत्येक ओळ हा वेगळा डबा आहे, आणि मजकूर पुढच्या ओळीवर सरकत नाही, सरळ मार्जिनच्या बाहेर जातो. यावर एक चांगली सोय आहे जी फार कमी लोकांना माहितीये, एका परिच्छेदाच्या सगळ्या ओळी एकत्र सिलेक्ट करा आणि शेप मेनूमध्ये कन्सॉलिडेट टेक्स्ट म्हणून आहे ते दाबा, सगळे डबे मिळून एक होतो. हे 6.4 व्हर्जनपासून आलंय, त्यामुळे तुमच्याकडे जुनं असेल तर आधी अपडेट करा. जोडल्यावर मजकूर एकदा वाचून मात्र घ्या, ओळींच्या जोडावर कधी स्पेस राहून जाते, कधी दोन होतात.

दुसरी अडचण फॉन्टची. पीडीएफ बनवताना बऱ्याचदा पूर्ण फॉन्ट आत भरत नाहीत, फक्त जेवढी अक्षरं वापरली तेवढीच भरतात, म्हणजे समजा त्या फाइलमध्ये कुठेच 7 आकडा नव्हता तर आतल्या फॉन्टमध्ये 7 नसतोच. मग तुम्ही तारखेत 7 टाइप केलात तर तो येणार तुमच्या मशीनवरच्या फॉन्टमधून. मूळ फॉन्ट मशीनवर नसेल तर लिबरऑफिस जवळचा दुसरा लावतं आणि अक्षरांची रुंदी बदलते, ओळी लांब-आखूड दिसायला लागतात. फाइल प्रॉपर्टीजमध्ये फॉन्टची नावं दाखवणारे पीडीएफ व्ह्यूअर आहेत, ऑक्युलर त्यातलाच एक, तिथे नाव बघून तो फॉन्ट फुकट मिळण्यासारखा असेल तर आधी टाकून घ्या आणि मगच फाइल उघडा, निम्मा त्रास तिथेच संपतो.

आता आपल्या देवनागरीचं बोलू, कारण इथे लोक सगळ्यात जास्त हैराण होतात. इंग्रजीत अक्षरं एकापुढे एक बसतात, आपल्याकडे तसं नाही. पहिली वेलांटी दिसते व्यंजनाच्या आधी पण टाइप होते नंतर, रफार येतो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर, जोडाक्षराचा तर आकारच वेगळा होतो. पीडीएफच्या आत साठवलेले असतात ते हे दिसणारे आकार, आणि त्या आकारावरून मूळ युनिकोड अक्षर (युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरवून दिलेला, सगळीकडे सारखाच चालणारा क्रमांक) शोधायचा तक्ता फाइलमध्ये असतो पण तो देवनागरीत पुष्कळदा अर्धवट असतो. म्हणून कॉपी केलं की वेलांटी भलतीकडे जाते, रफार गायब होतो, आणि ड्रॉमध्ये उघडल्यावरही तेच. फाइल जर कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये बनलेली असेल तर अजूनच पंचाईत, कारण तिथे आत साठवलेली असतात रोमन अक्षरं, फॉन्ट फक्त त्यांचे आकार देवनागरी दाखवत असतो, तो फॉन्ट नाही म्हटल्यावर समोर नुसता रोमन अक्षरांचा कचरा दिसतो.

अशा वेळी एकेक मात्रा दुरुस्त करत बसू नका, माझं स्पष्ट मत आहे. ती ओळच्या ओळ डिलीट करा, नवा टेक्स्ट बॉक्स काढा, नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्ता असा मोकळ्या लायसन्सचा युनिकोड फॉन्ट निवडा आणि ओळ नव्याने टाइप करा. दोन-चार ओळी असतील तर हेच सगळ्यात पटकन होतं, आणि नवी ओळ तुम्ही युनिकोडमध्ये टाइप केलेली असल्यामुळे आपल्या बाजूने तरी ती शुद्ध असते. पानभर मजकूर असेल तर ड्रॉ सोडून द्या आणि रायटरमध्ये पान नव्याने तयार करा.

स्कॅन केलेली पीडीएफ असेल तर क्लिक केल्यावर अख्खं पानच सिलेक्ट होतं, कारण तो फोटो आहे, त्यात अक्षरं नाहीतच. त्यातून मजकूर काढायला ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर लागतं, टेसरॅक्ट नावाचं ओपन सोर्स ओसीआर आहे, त्याला मराठीचा डेटा वेगळा डाउनलोड करून लावता येतो. छापील स्वच्छ पान असेल तर ते बरंच बरोबर वाचतं, हस्ताक्षर वाचेल अशी अपेक्षा ठेवू नका. पानं फक्त मागेपुढे करायची, फिरवायची किंवा दोन फाइली जोडायच्या असतील तर ड्रॉच्या वाटेला जाऊच नका, पीडीएफ अरेंजर नावाचं छोटं ओपन सोर्स ॲप आहे, ते पानांच्या आतल्या मजकुराला हात लावत नाही. आणि डिजिटल सही असलेली फाइल बदलली की ती सही बाद होते, तिचं कामच ते आहे, तिथे ज्यांनी सही केली त्यांच्याकडूनच नवीन प्रत मागवायची.

यापुढची गोष्ट जरा नीट ऐका, कारण इथे खरंच लोकांचं नुकसान होतं. पीडीएफमधला एखादा नंबर किंवा नाव लपवायचं असतं आणि लोक त्यावर काळी पट्टी काढतात. पट्टी दिसते काळीकुट्ट, पण खालचा मजकूर फाइलमध्ये तसाच असतो. माउसने तो भाग सिलेक्ट करा, कॉपी करा, दुसरीकडे पेस्ट करा, लपवलेलं सगळं वाचता येतं. 2019 च्या जानेवारीत अमेरिकेत एका गाजलेल्या खटल्यात वकिलांनी कोर्टात दिलेल्या कागदपत्रांचं असंच झालं, काळ्या पट्ट्यांखालचा मजकूर पत्रकारांनी कॉपी-पेस्ट करून वाचला आणि बातम्या झाल्या. मोठमोठ्या वकिलांच्या हातून होतं तिथे आपण घाईत असताना होणारच.

लिबरऑफिसमध्ये यासाठी 6.3 व्हर्जनपासून टूल्स मेनूत रिडॅक्ट दिलंय. ते दाबलं की तुमच्या डॉक्युमेंटची प्रत ड्रॉमध्ये उघडते, पण पानं चित्र झालेली असतात, मग जे लपवायचं त्यावर चौकोन काढायचे. काढताना चौकोन करडे आणि अर्धपारदर्शक दिसतात, म्हणजे खाली काय झाकतोय ते आपल्याला कळतं, आणि शेवटी रिडॅक्टेड एक्सपोर्ट केलं की ते पूर्ण काळे होतात. जी पीडीएफ तयार होते तिच्यात पिक्सेल, म्हणजे चित्राचे ठिपके असतात, मजकूर नसतो, त्यामुळे कॉपी करायला खाली काही शिल्लकच राहत नाही. फाइल थोडी जड होते आणि तिच्यात शब्द शोधता येत नाही, पण आधार नंबर किंवा बँक खातं झाकायचं असेल तर एवढं चालवून घ्यायला हवं. तयार झाल्यावर स्वतः कंट्रोल ए, कंट्रोल सी करून बघा, काही हाती लागतंय का.

आणि आता मला सगळ्यात जास्त सांगावंसं वाटतं ते. पीडीएफ एडिट करायची वेळ येते ती मूळ फाइल हरवते म्हणून, बरोबर? तर रायटरमधून एक्सपोर्ट ॲज पीडीएफ करताना जी खिडकी उघडते तिच्यात जनरल टॅबवर हायब्रिड पीडीएफ असा एक चेकबॉक्स आहे, त्यावर टिक करा. मग पीडीएफच्या पोटातच मूळ ओडीएफ फाइल, म्हणजे लिबरऑफिसची एडिट करता येणारी फाइल, भरली जाते. बाकी कुणी उघडली तर नेहमीसारखी पीडीएफ दिसते, पण लिबरऑफिसमध्ये उघडलीत तर थेट रायटर उघडतो, परिच्छेद, टेबल, हेडिंग सगळं जागेवर, देवनागरी एकदम नीट, एक वेलांटी हललेली नाही. ड्रॉची खटपटच नको. फक्त एवढं बघा की मूळ फाइल आत असते म्हणजे त्यातल्या कॉमेंट आणि ट्रॅक केलेले बदल पण आत असतात, त्यामुळे हायब्रिड प्रत आपल्याकडे किंवा सोबत काम करणाऱ्यांकडे ठेवायची, आणि बाहेर पाठवायची प्रत टिक काढून साधी एक्सपोर्ट करायची.