बैल विकून बांधलेली विद्यापीठं: दक्षिण कोरियात आधी काय आलं?

नमस्कार मंडळी.

‘हस्तिदंती मनोरा’ हा शब्द तुम्ही ऐकलेला असणार. जगापासून लांब, पुस्तकात डोकं घालून बसलेल्या विद्वानांना टोमणा मारायचा असला की आपण तो वापरतो. कोरियन भाषेत त्यालाच ‘सांगाथाप’ म्हणतात. तर साठ-सत्तरच्या दशकात तिथल्या लोकांनी या शब्दाची थोडी मोडतोड केली आणि ‘उगोल्थाप’ असा नवाच शब्द काढला. उगोल्थाप म्हणजे गुराच्या हाडांचा मनोरा. विद्यापीठांच्या या उंच इमारती कशावर उभ्या आहेत? तर पोराची फी भरायला खेड्यातल्या बापाने औताचं जनावर बाजारात नेऊन विकलं, त्याच्या हाडांवर.

शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. दावणीचा बैल गेला म्हणजे पुढच्या हंगामात नांगर कोण ओढणार?

हा शब्द आज काढायचं कारण एक फॉरवर्ड. दर सहा महिन्यांनी आमच्या फॅमिली ग्रुपवर तो येतोच. मजकूर साधारण असा: “१९६१ साली कोरिया भिकेला लागला होता. मग पार्क चुंग-ही नावाचा कडक लष्करशहा आला, त्याने शिस्त लावली, देश श्रीमंत झाला. श्रीमंत झाल्यावर लोकशाहीही आपोआप आली. आपल्यालाही असाच एक पाहिजे.” खाली अंगठे, हात जोडलेले इमोजी.

यातलं पहिलं वाक्य बरंचसं खरं आहे. १९६१ मध्ये तिथलं दरडोई उत्पन्न वर्षाला शंभर डॉलरही नव्हतं. पार्कच्या राजवटीत कारखाने उभे राहिले हेही खरं. १९६४ साली देशाची निर्यात १० कोटी डॉलर होती, १९७७ साली ती १,००० कोटी डॉलर झाली. तेरा वर्षांत शंभरपट! हे नाकारण्यात काही अर्थ नाही.

पण त्या कारखान्यांत कामाला लागलेली माणसं कुठून आली? सूचना वाचू शकणारी, मोजमाप समजणारी, हजारोंच्या संख्येने. ती काही पार्कने सत्तेवर आल्यावर दोन वर्षांत घडवली नव्हती.

थोडं मागे जाऊ. १९४५ ला जपानची राजवट संपली तेव्हा दहातल्या जवळजवळ आठ प्रौढांना लिहिता-वाचता येत नव्हतं. जपान्यांनी शेवटी शेवटी तर शाळांतून कोरियन भाषाच हद्दपार केली होती. १९४८ च्या राज्यघटनेत प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं गेलं. त्याच सुमाराला दुसरा एक कायदा आला, आणि माझ्या मते सगळ्या गोष्टीची किल्ली तिथे आहे. जमीन सुधारणा. आपल्या कूळकायद्याचा भाऊच म्हणा. कमाल मर्यादा सुमारे तीन हेक्टर, म्हणजे साडेसात एकर. त्यावरची जमीन कसणाऱ्याच्या नावावर. किंमत किती, तर एका वर्षाच्या पिकाच्या दीडपट, तीही पाच वर्षांत हप्त्याहप्त्याने. ज्या कुळाचं निम्मं पीक खंडात जात होतं, त्याच्या घरात पहिल्यांदा चार दाणे उरायला लागले. आणि बैल स्वतःचा झाला. विकायला बैल तर असावा लागतो ना!

जमीनदारांसाठी यात एक पळवाट होती. शाळा चालवणाऱ्या संस्थेला जमीन दिली तर ती वाचायची. त्यामुळे कित्येक जमीनदार रातोरात शिक्षणमहर्षी झाले. (हसू नका, हा शब्द आपल्याकडून उसना घेतलाय.)

मग १९५० ते ५३ युद्ध झालं, शाळा जळाल्या. तंबूत वर्ग भरले. १९५४ ला सहा वर्षांची सक्तीच्या शिक्षणाची योजना सुरू झाली आणि १९५९ पर्यंत प्राथमिकच्या वयाची सुमारे ९६ टक्के मुलं शाळेच्या पटावर होती. वर्गांना लोक ‘मोड आलेल्या सोयाबीनचे वर्ग’ म्हणायचे. ओल्या फडक्यात मोड कसे एकमेकांना चिकटून उभे असतात, तशी एका खोलीत ७०-८० पोरं. एक पाळी सुटली की दुसरी आत. आणि ‘मोफत’ म्हणताना जरा जपून. वेगवेगळ्या नावाखाली शुल्क होतंच, आणि ते थकलं की मुलाला वर्गातून उठवून घरी पाठवायचे. पुढची तीन वर्षं, आपल्या सातवी-आठवी-नववीसारखी, देशभर मोफत व्हायला तर २००४ उजाडलं. सरकारने दार उघडलं, आतला बहुतेक खर्च आईबापांनी केला.

आता फॉरवर्डमधलं शेवटचं वाक्य घ्या, ‘श्रीमंत झाल्यावर लोकशाही आली’. १९६० साली कोरिया गरीबच होता. १५ मार्चला अध्यक्ष सिंगमन री यांच्या राजवटीने निवडणुकीत उघड घोटाळा केला. मासान शहरात त्या दिवशी निदर्शनं झाली आणि किम जू-योल नावाचा मुलगा बेपत्ता झाला. तो गावाहून तिथल्या कमर्शियल हायस्कूलमध्ये प्रवेश घ्यायला आला होता. ११ एप्रिलला बंदराच्या पाण्यात त्याचं प्रेत वर आलं. डोळ्यात अश्रुधुराचं नळकांडं रुतलेलं. १९ एप्रिलला सोलमध्ये विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला, शंभराहून जास्त माणसं गेली. २५ तारखेला प्राध्यापक रस्त्यावर उतरले. २६ ला एका प्राथमिक शाळेची पोरं फलक घेऊन निघाली: सैनिककाका, आमच्या आईबाबांवर, भावांवर बंदुका रोखू नका. वयाचा हिशेब करा, त्या सहा वर्षांच्या योजनेत शाळेत घातलेली हीच पोरं. त्याच दिवशी री पायउतार झाले.

वर्षभराने पार्कने बंड करून सत्ता घेतली. म्हणजे क्रम कसा लागतो? शाळा, मग लोकशाहीची मागणी, मग लष्करशाही, आणि त्यानंतर पैसा. फॉरवर्डच्या बरोबर उलटा.

आता मला एका मुलाबद्दल सांगायचंय, त्याच्यासाठीच हा व्हिडिओ केला असं समजा. चॉन ते-इल. सोलच्या प्योंगह्वा बाजारात शिवणकाम करायचा. शाळा जेमतेम. त्या बाजारात एकेका मजल्याचे आडवे दोन भाग करून माळे काढलेले होते, मोठ्या माणसाला ताठ उभं राहता यायचं नाही. तिथे तेरा-चौदा वर्षांच्या मुली दिवसाला चौदा-चौदा तास बसायच्या. कापडाच्या धुळीत. एक दिवस चॉनला कळलं की देशात कामगारांसाठी कायदा आहे, १९५३ पासून आहे, आणि त्यात कामाचे तास, सुट्टी सगळं लिहिलेलं आहे. त्याने पुस्तक मिळवलं. उघडलं तर पानोपानी चिनी अक्षरं. त्या काळी कायदे तसेच लिहायचे. साध्या कोरियन लिपीत शिकलेल्या माणसाला एकेका ओळीशी झटापट. तेव्हा तो म्हणायचा, माझा एखादा कॉलेजात जाणारा मित्र असता तर!

जरा थांबा इथे. देशात साक्षरता आलेली, कायदा छापलेला, आणि तरी दोघांमध्ये एवढं अंतर.

त्याने अर्ज केले, कामगारांकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या, अधिकाऱ्यांना भेटला. काही झालं नाही. १३ नोव्हेंबर १९७० ला त्या कायद्याच्या पुस्तकासकट त्याने स्वतःला पेटवून घेतलं. “आम्ही यंत्रं नाही” असं ओरडत. वय २२.

ते ‘कॉलेजातले मित्र’ त्यानंतर आले. सोलच्या विद्यार्थ्यांनी वस्त्यांमध्ये रात्रशाळा काढल्या. पुढे कित्येकांनी पदवी लपवून कारखान्यात नोकऱ्या धरल्या. विद्यापीठ आणि शिवणयंत्र यांची गाठ पडली ती अशी.

आता गंमत बघा, म्हणजे कडू गंमत. १९८० मध्ये ग्वांगजू शहरात निदर्शकांचा रक्तपात करून आलेल्या, पार्कनंतरच्या लष्करशहाला, चुन दू-ह्वानला, मध्यमवर्ग खूश ठेवायचा होता. त्याने खासगी शिकवण्यांवर बंदी घातली आणि विद्यापीठांच्या जागा भरमसाट वाढवल्या. १९८० ते ८५ या पाच वर्षांत विद्यापीठांतली विद्यार्थिसंख्या दुपटीहून जास्त झाली. स्वतःच्या विरोधातला मोर्चा स्वतःच भरती केला म्हणायचा!

जानेवारी १९८७ मध्ये पार्क जोंग-चोल हा विद्यार्थी पोलीस कोठडीतल्या छळात मेला. पोलीस काय म्हणाले? आम्ही टेबलावर धाडकन हात आपटला आणि तो ‘अंक्’ करून गेला. हे वाक्य छापून आलं, आणि वाचता येणाऱ्या देशात असं वाक्य छापून येणं महागात पडतं. ९ जूनला ली हान-योल या विद्यार्थ्याच्या डोक्यात अश्रुधुराचं नळकांडं बसलं. मग सोलच्या ऑफिसांमधून टाय लावलेली माणसं विद्यार्थ्यांच्या बाजूला येऊन उभी राहिली. ‘नेकटाय पलटण’ असं नावच पडलं त्यांचं. २९ जूनला राजवटीने राष्ट्राध्यक्षाची थेट निवडणूक कबूल केली.

शिक्षण असलं की हे होणारच, असं मात्र मी म्हणणार नाही. उत्तर कोरियानेही सगळ्यांना वाचायला शिकवलं. जमीनही वाटली, नंतर सामुदायिक शेतीत परत घेतली. तिथे नेकटाय पलटण नाही. वाचता येणाऱ्याच्या हातात काय पडू देतात, यावर बरंच ठरतं.

आणि डिसेंबर १९८७ च्या त्या निवडणुकीत काय झालं? किम यंग-साम आणि किम दे-जुंग, विरोधकांचे दोन मोठे नेते, दोघेही लढले, कोणीच माघार घेईना. मतविभागणी! चुनचा जुना सहकारी जनरल रोह ते-वू ३७ टक्क्यांच्या आतच मतं घेऊन जिंकला. हा धडा आपल्याकडे वेगळा शिकवावा लागत नाही.

एक शेवटची गोष्ट. १९८१ साली बुसानमध्ये बंदी असलेली पुस्तकं एकत्र बसून वाचली म्हणून काही विद्यार्थी आणि शिक्षक पकडले गेले, त्यांचे हाल केले गेले. त्यांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या वकिलांपैकी एक रोह मू-ह्युन. गरीब शेतकऱ्याचा मुलगा, कमर्शियल हायस्कूलपर्यंत शिकलेला, वकिलीची परीक्षा घरी अभ्यास करून पास झालेला. बैल विकून पदवी घेणाऱ्या त्या देशाने २००२ च्या डिसेंबरात याला राष्ट्राध्यक्ष निवडलं. कॉलेजची पायरी तो कधी चढलाच नव्हता.

फॉरवर्ड आला की ग्रुपवर ही लिंक टाका. भांडण झालं तर कमेंटमध्ये कळवा.