निखळलेलं बोट

(दृश्य : ज्युदोगीची, म्हणजे ज्युदोच्या पोशाखाची, जाड बाही. तिच्यात रुतलेली, चिकटपट्टी गुंडाळलेली चार बोटं.)

ही पकड बघा. समोरच्यानं हिसडा दिला की बाही सुटते. कधी बाही सुटत नाही, बोटाचा सांधा सुटतो. मग ते बोट खेळाडूनं तिथल्या तिथे स्वतःच बसवायचं, डॉक्टरांनी हात लावायचा नाही, असा स्पर्धेचा नियम आहे. बोट बसलं की लढत पुढे सुरू.

(दृश्य : बडोदे, दांडिया बाजार. सकाळ.)

बडोदेकराला यावरून जुम्मादादा व्यायाम मंदिर आठवेल. तिथल्या राजरत्न प्रोफेसर माणिकरावांचं नाव जितकं मल्लविद्येत, तितकंच हाडं बसवण्यातही. जपानमध्ये तर ज्युदोसोबत वाढलेली हाडं बसवण्याची विद्या आजही सरकारी परवान्याचा व्यवसाय आहे.

(दृश्य : सरावाचा हॉल. लहान मुलं ओळीनं पाठीवर पडताहेत.)

ज्युदोचा पहिला धडा पडण्याचा. उकेमी. हनुवटी छातीशी, तळहात मॅटवर सपकन. इतकं शिकलेल्यांनाही का लागतं? २००८ आणि २०१२च्या ऑलिंपिकमध्ये शंभरातल्या सरासरी अकरा-बारा ज्युदोपटूंना दुखापत झाली होती.

कारण मोठ्या स्पर्धेत पडणं परवडत नाही. जोरात फेकला जाऊन पाठ टेकली की इप्पोन, खेळ खलास. कुस्तीत चीत होण्यासारखंच. म्हणून हवेत असतानाच खेळाडू अंग पिळतो, हात खाली रोवतो. पाठ वाचते, पण सगळा भार खांद्यावर नाहीतर कोपरावर येतो. लहानपणी घोटून घेतलेलं पडणं तो त्या क्षणी जाणूनबुजून नाकारतो. मला यातली सर्वांत जीवघेणी गोष्ट हीच वाटते.

गुडघ्याचं तसं नाही. पाऊल मॅटवर रोवलेलं, वरचं धड फिरलेलं, त्यात प्रतिस्पर्ध्याचं वजन बाजूनं कोसळतं आणि आतला अस्थिबंध तुटतो. मग शस्त्रक्रिया, आणि अनेक महिने मॅटबाहेर.

(दृश्य : जुनं छायाचित्र. जपानचा ज्युदोपटू यासुहिरो यामाशिता.)

१९८० साली जपानमधल्या एका लढतीत प्रतिस्पर्धी एंदोनं यामाशितावर कानी-बासामी टाकली. खेकड्याच्या नांगीसारखी पायांची कात्री. यामाशिताच्या पायाचं हाड मोडलं. या डावावर पुढे स्पर्धांमध्ये बंदी आली. चार वर्षांनी, लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये, स्पर्धेतल्या दुसऱ्या क्रमांकाच्या लढतीतच यामाशिताच्या उजव्या पोटरीचा स्नायू फाटला. तो डावखुरा, फेकताना सगळा तोल याच पायावर. तरी लंगडत अंतिम फेरीत गेला आणि इजिप्तच्या रशवानला जमिनीवर दाबून सुवर्ण जिंकला. ही गोष्ट प्रत्येक ज्युदोपटूला पाठ असते. तिच्यावर माझंही प्रेम आहे. पण सतरा वर्षांच्या मुलीनं फाटलेल्या स्नायूनिशी उभं राहावं म्हणून ती कुणी सांगू नये.

(दृश्य : तोच हॉल, संध्याकाळ. गुडघ्याला पट्टा बांधलेली मुलगी.)

शस्त्रक्रियेनंतरचा हा सातवा महिना. अजून तिला कुणी फेकत नाही. ती एकटीच खाली बसते, पाठ मागे टाकते, तळहात आपटते. उठते. पुन्हा बसते.

(आवाज : मॅटवर तळहात.)