ब्लॅकजॅकमध्ये इन्शुरन्स कधी घ्यायचा? पानं मोजणाऱ्यांसाठी पक्का हिशोब

नमस्कार मंडळी. सांगली, मिरज, तासगावकडची बरीच मंडळी दिवाळीच्या सुट्टीत पणजीला जातात आणि मांडवीतल्या बोटीवर एखादी संध्याकाळ ब्लॅकजॅकच्या टेबलावर काढतात. डीलरसमोर एक्का पडतो, तो विचारतो, "इन्शुरन्स?" आणि सगळे आपापल्या हातातली पानं बघायला लागतात. चूक तिथेच होते.

हाय-लो ही पानं मोजायची पद्धत येते असं धरून चालतो. ज्यांना उजळणी हवी त्यांच्यासाठी: दुर्री ते छक्की अधिक एक, सत्ती-अठ्ठी-नव्वी शून्य, दश्शी, गुलाम, राणी, राजा आणि एक्का उणे एक.

आता नियम. डीलरचं उघडं पान एक्का असेल तर मूळ पैजेच्या निम्म्यापर्यंत वेगळी पैज लावता येते. त्याचं झाकलेलं पान दहा किमतीचं (दश्शी, गुलाम, राणी किंवा राजा) निघालं तर एकाचे दोन मिळतात, नाहीतर पैसे गेले. म्हणजे तीनात एकदा जिंकलात तर बरोबरी. न दिसलेल्या पानांत एक तृतीयांशाहून जास्त दहावाली असतील तर घ्यायचा, नसतील तर सोडायचा. बाकी सगळा खटाटोप ते एक तृतीयांश ओळखण्यासाठी.

ताजे पिसलेले सहा कॅट घ्या. 312 पानं, त्यात दहावाली 96. डीलरचा एक्का दिसला, राहिली 311. जिंकवणारी 96, हरवणारी 215. दर ₹1,000 च्या इन्शुरन्सवर सरासरी ₹74 तोटा. न मोजणाऱ्याने याच्या वाटेला जाऊ नये, विषय कट.

आता हाताकडे बघण्याची सवय. द्राक्षबाग चांगली लागली की ती जपायला विमा काढतो, तेच डोकं लोक इथे चालवतात: वीस आले, विमा घ्या; सोळा आले, जाऊ दे. पण तुमच्या हातातले दोन राजे म्हणजे दोन दहावाली पानं आधीच बाहेर आली! एका कॅटच्या डावात दोन राजे धरून बसलात तर उरलेल्या 49 मध्ये दहावाली 14, तोटा हजारी ₹143. हातात नव्वी-सत्ती असेल तर 49 मध्ये 16, तोटा फक्त ₹20. चांगल्या हातावर इन्शुरन्स जास्त महाग पडतो. सहा कॅटमध्ये हा फरक बारीक होतो, पण दिशा तीच.

मोजणाऱ्याचा आकडा असा: सहा किंवा आठ कॅट असतील तर ट्रू काउंट (रनिंग काउंट, म्हणजे दिसलेल्या पानांची बेरीज, भागिले शिल्लक कॅट) अधिक 3 किंवा वर, दोन कॅटला साधारण अधिक 2.4, एका कॅटला अधिक 1.4. कॅट कमी तसा उंबरठा खाली का? डीलरचा तो एक्का हाय-लोमध्ये उणे एक धरला जातो, पण इन्शुरन्सच्या हिशोबात तो दहावाला नाही, त्यामुळे तो बाहेर आला हे आपल्या फायद्याचंच. कमी कॅटच्या डावात एका पानाची ही गडबड मोठी दिसते.

[कॅमेरा टेबलावर]

हे बघा. सहा कॅट, जवळपास तीन खेळून झालेत, तीन शिल्लक. डाव वाटण्याआधी रनिंग काउंट अधिक 8. आता पानं पडली: शेजाऱ्याला पंजी आणि चौकी, पलीकडच्याला नव्वी आणि तिर्री, मला राणी आणि छक्की, डीलरला एक्का. बेरीज करा: अधिक 2, अधिक 1, शून्य, उणे 1. रनिंग झाला 10. भागिले तीन, 3.3. माझ्या हातात भिकार सोळा आहे, तरी इन्शुरन्स घ्यायचा, आणि पूर्ण निम्मा घ्यायचा. मूळ पैज ₹2,000 असेल तर ₹1,000.

वाटलेली पानं न मोजता जुन्या 8 वरच भागलं असतं तर 2.7 आलं असतं आणि सोडला असता. ही चूक सगळ्यात जास्त होते. उत्तर द्यायच्या आधी टेबलावरची सगळी उघडी पानं, डीलरचा एक्का धरून, मोजात घ्या.

दुसरी चूक भागाकारात. पिवळ्या कट-कार्डाच्या (जिथे पोहोचल्यावर पुन्हा पिसतात) मागची पानं खेळात येणार नाहीत म्हणून लोक ती वजा करतात. करू नका. न दिसलेलं प्रत्येक पान "शिल्लक" धरायचं, सुरुवातीला न दाखवता बाजूला टाकलेलं (जळालेलं) पहिलं पानसुद्धा. रनिंग 9 आणि शिल्लक तीन कॅट म्हणजे बरोबर 3; तेच साडेतीन असतील तर 2.6. अर्ध्या कॅटचा अंदाज चुकला की निर्णय पालटतो.

इव्हन मनी म्हणजे हाच इन्शुरन्स, नाव वेगळं. तुम्हाला ब्लॅकजॅक (एक्का आणि दहावालं पान) लागलाय, डीलरचा एक्का, तो म्हणतो, "एकास एक आत्ताच घ्या." ब्लॅकजॅकला तिनास दोन देणाऱ्या सहा कॅटच्या टेबलावर ताज्या डावात ₹1,000 च्या पैजेवर नको म्हटलंत तर सरासरी ₹1,039 मिळतात, मग ₹1,000 का घ्यायचे? काउंट अधिक 3 ला पोहोचला तरच घ्या. सहास पाच देणाऱ्या टेबलावर मात्र हिशोब उलटा, तिथे इव्हन मनी दिलं तर न मोजताही घ्यावं. म्हणूनच तिथे सहसा देत नाहीत.

ब्लॅकजॅकवर लिहिणारे डॉन श्लेसिंगर यांनी मोजणाऱ्यांसाठी निवडलेल्या, काउंटनुसार खेळी बदलायच्या अठरा जागांत इन्शुरन्स सगळ्यात मोलाचा आहे. मोठी पैज चढत्या काउंटलाच लागलेली असते, म्हणून. पण आपोआप पिसणारं मशीन सतत चालू असेल तर मोजायला काही उरत नाही, तिथे इन्शुरन्सचं उत्तर कायम "नको". आणि महाराष्ट्रात कॅसिनो नाही, कॅसिनोला परवानगी देणारा 1976 चा कायदा 2023 मध्ये रद्द झालाय. पैशांच्या ऑनलाइन गेमवर 2025 च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. मोबाइलवर करून बघायच्या भानगडीत पडू नका.

हाय-लोची खोट एक्क्यात आहे. तो एक्क्याला राजाच्या पंगतीत बसवतो, इन्शुरन्सला मात्र एक्का सत्तीइतकाच निरुपयोगी. म्हणून काउंट 3 च्या आसपास घुटमळत असेल तर किती एक्के गेले ते आठवा. दर कॅटला चार या हिशोबापेक्षा जास्त गेले असतील तर घ्या, कमी गेले असतील तर अजून थोडं थांबा.

अचूकच हवं तर दहावाल्यांचा वेगळा मोज आहे: दहावालं पान उणे 2, एक्क्यासकट बाकी सगळी अधिक 1, सहा कॅटला सुरुवात उणे 24 पासून. शून्याच्या वर गेलात की घ्या. भागाकार नाही, कट-कार्डाची भानगड नाही. पैज ठरवणारा हाय-लोचा मोज आणि हा मोज एकाच डोक्यात ठेवणं मला तरी व्यवहार्य वाटत नाही. दोघे मिळून खेळत असाल तर दुसऱ्याने हा धरावा.

घरी सराव असा करा: सहा कॅट एकत्र पिसा, हाय-लो मोजत पानं टाका आणि निम्म्यानंतर जो पहिला एक्का येईल तिथे थांबून मोठ्याने सांगा, घेतो की सोडतो. मग उरलेली गड्डी उलटून दहावाली मोजा आणि तीनने गुणा. उत्तर गड्डीतल्या एकूण पानांपेक्षा जास्त आलं तर घ्यायला हवा होता. तुमचा निर्णय जिथे चुकला, तिथे गड्डीतले एक्केही मोजून बघा.