मांडवावरचं आभाळ

हर्णैचा किनारा. मे सरत आलाय. पाण्यात सुवर्णदुर्ग, इकडे वाळूवर लग्नाचा मांडव. पांढरे पडदे फडफडतायत आणि समुद्रावर ढग जमू लागलेत.

मुहूर्तापुरता पाऊस थोपवता येईल? तसे प्रयत्न झालेत. ८ ऑगस्ट २००८, बीजिंग ऑलिंपिकचं उद्घाटन. शहराभोवतीच्या २१ ठिकाणांहून ढगांवर १,१०४ रॉकेटं सोडली गेली. मॉस्कोतही ९ मेच्या विजयदिनाच्या संचलनासाठी विमानांनी अनेकदा ढगांत रसायन पेरलं आहे.

युक्ती अशी. ढगातलं पाणी शून्याच्या खाली उतरलं तरी लगेच गोठत नाही, त्याला धरायला कण लागतो. सिल्व्हर आयोडाइड या रसायनाच्या स्फटिकाची ठेवण बर्फासारखी. पाणी त्यावर गोठतं, बर्फ जड होतो, खाली येताना वितळतो आणि पाऊस पडतो. १९४६ साली अमेरिकेत व्हिन्सेंट शेफर यांनी विमानातून ढगात कोरडा बर्फ, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, टाकून पाहिला, त्याच वर्षी बर्नार्ड व्हॉनेगट यांना सिल्व्हर आयोडाइडचा हा गुण सापडला. म्हणजे समारंभासाठी पाऊस अडवत नाहीत. ढग तिथवर पोचण्याआधी रिता करू पाहतात. बीजिंगचं आभाळ रॉकेटांमुळेच कोरडं राहिलं, हे मात्र सिद्ध झालेलं नाही.

आता वाळूवरची ही होडी जवळून पाहा. फळीवर बोट फिरवलं की पांढरं मीठ लागतं. लाटांच्या तुषारांतून हेच मीठ हवेत चढतं आणि त्याच्याभोवती थेंब धरतो. कोकणातल्या ढगांत पेरणी समुद्रच करतो. ते ढग घेऊन वारा सह्याद्रीवर चढतो आणि घाटापर्यंत पाऊस ओततो. पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामान संस्थेनं विमानातून ढगांत कण पेरले ते सोलापूरकडे, घाटापलीकडच्या पर्जन्यछायेत. तिथं पाऊस वाढावा म्हणून.

तिकडे थेंबाथेंबासाठी एवढा खटाटोप, आणि इथं मांडवासाठी पाऊस परतवायचा? वाटेत पाडलेला पाऊस कुणाच्या अंगणात पडेल, हे कुणी सांगत नाही.

१ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद. होड्या वर ओढून शाकारायचं काम सुरू आहे. गावामागच्या खाचरात राब भाजून झालेत, राख अजून काळी आहे. भाताचं बियाणं घरात पोत्यात तयार आहे.

ढग सुवर्णदुर्गावर आला. मांडवात पडदे गुंडाळतायत. खाचरात राखेवर पहिला थेंब पडला.