मातीच्या पाटीवर बायकोची तक्रार

नमस्कार मंडळी. आज चार हजार वर्षं मागे जायचंय, पण राणी-महाराणीकडे नाही हं, एका व्यापाऱ्याच्या बायकोकडे. तिचं नाव लमास्सी, राहायला अश्शूर शहरात, म्हणजे आजच्या इराकमध्ये टायग्रिस नदीच्या काठी. नवरा पुशुकेन मात्र तिथून साधारण 1000 किलोमीटरवर, कानेशला. ते गाव आजच्या तुर्कस्तानात कायसेरीजवळ, आता त्याला कुलतेपे म्हणतात. गाढवांचा तांडा निघाला की पोचायला दीड महिना!

या गाढवांवर काय असायचं, तर कथील आणि लोकरीचं कापड. आणि ते कापड विणायच्या कोण? घरच्या बायका. लमास्सी, तिच्या मुली, घरातल्या दासी, सगळ्या मागावर. माल तिकडे विकायचा आणि चांदी इकडे पाठवायची, असा सगळा बिझनेस. आपल्याकडे कोकणात मुंबईच्या मनीऑर्डरची वाट बघायचे ना, तसंच, फक्त इथे कमाईचा बराच माल बायकोनेच बनवलेला.

हे कळलं कसं, तर पत्रांवरून. कुलतेपेला 1948 पासून तुर्की संशोधकांनी पद्धतशीर खोदकाम केलं, तिथे व्यापाऱ्यांच्या घरांतून मातीच्या पाट्या निघाल्या, आजवर मिळून 23,000 च्या आसपास. पाकीटही मातीचंच, त्यावर शिक्का उमटवलेला, पत्र वाचायचं तर पाकीट फोडायचं. बायकांची पत्रं तिथे सापडली कारण ती नवऱ्यांच्या घरी जपून ठेवलेली, हिशोबाचे कागद म्हणून बरं का, प्रेमापोटी असतीलच असं काही नाही.

आणि पत्रांतला सूर तर ऐकाच. पुशुकेन कापडाच्या क्वालिटीवरून कुरकुर करतो, लमास्सी उलट सुनावते की इतकी माणसं घरात, त्यांनाही कपडे लागतात, लोकर महाग झालीये, आधी पेमेंट पाठव. दुसरा एक व्यापारी तर विणणाऱ्या बाईला चक्क स्पेसिफिकेशन लिहून पाठवतो, लांबी नऊ हात, रुंदी आठ हात, एका बाजूने पिंजून काढ पण कातरू नकोस, आणि प्रत्येक कापडात लोकर थोडी जास्त घाल.

तराम-कुबी नावाच्या बाईला नवऱ्याने लिहिलं, तू उधळी आहेस. ती भडकलीच! घरात खायला नाही, गावात दुष्काळ, तू जाताना घर धुऊन नेलंस, माझ्यासाठी एक मापटं जव ठेवलं नाहीस आणि वर मलाच उधळी म्हणतोस? मला विचाराल तर हे पत्र मला सगळ्यात आवडतं.

नवरे वर्षानुवर्षं परगावी, मग काहीजण तिकडे दुसरं लग्न करायचे. पण ते करारावर, आणि नियम असा की दोघींना एकच दर्जा द्यायचा नाही, घटस्फोट घेतलाच तर चांदी मोजायची. पुरुषांना मोकळीक होती, समता वगैरे अजिबात नव्हती, पण निदान हिशोब लिहून ठेवलेला असायचा.

लमास्सीची एक तक्रार राहिलीच. पुशुकेनला ती लिहिते, तू गेल्यापासून शलिम-अहुमने (हाही एक व्यापारीच) दुप्पट मोठं घर बांधलं, आपण कधी बांधणार?