पर्याय झाकून ठेवा

श्रोतेहो, नमस्कार.

‘गाळलेल्या जागा भरा’ हा प्रश्न आपण सगळ्यांनीच शाळेत सोडवलेला आहे. तोच प्रश्न जीआरईसारख्या, म्हणजे परदेशात पदव्युत्तर प्रवेशासाठी इंग्रजीतून द्यायच्या परीक्षेत समोर आला की मुलं शब्दांच्या याद्या घोकायला बसतात. डावीकडे शब्द, उजवीकडे एक अर्थ, असे हजार-दोन हजार शब्द. या मेहनतीबद्दल मला आदर आहे, पण ती चुकीच्या जागी खर्च होते, आणि याचं मला फार वाईट वाटतं.

एक वाक्य ऐका. ‘एरवी तो अगदी (टिंब टिंब) माणूस, पण त्या रात्री पहाटेपर्यंत बोलत राहिला.’ पर्याय मी मुद्दामच सांगितले नाहीत. तरी तुमच्या मनात शब्द आला ना? अबोल, मितभाषी, घुमा. तो वाक्यानेच सुचवला. ‘एरवी’ आणि ‘पण’ या दोन चिमुकल्या शब्दांवर सगळा भार आहे. आता तेच वाक्य थोडं बदलू. ‘तो (टिंब टिंब) माणूस, म्हणूनच पहाटेपर्यंत बोलत राहिला.’ जागा तीच, पण आता तिथे ‘बडबड्या’ बसतो. इंग्रजीत हेच काम ऑलदो, डिस्पाइट, यट, देअरफोर हे शब्द करतात. अवघड शब्दांच्या आधी मी मुलांना पेन्सिलीने यांच्याभोवती गोल करायला सांगते.

म्हणून पहिली सवय ही लावा: पर्याय हाताने झाकायचे, वाक्य वाचायचं, आपला शब्द ठरवायचा. तो मराठीत सुचला तरी चालेल. मगच हात काढायचा.

जीआरईत एका प्रकारात सहा पर्याय असतात आणि त्यांतले दोन निवडायचे असतात. दोन्हींनी वाक्याचा अर्थ सारखाच राहिला पाहिजे. एक बरोबर, एक चूक, तर गुण शून्य. आपल्या पहिल्या वाक्यासाठी टॅसिटर्न आणि रेटिसंट ही जोडी, दोघांचा अर्थ अबोल. पण त्याच सहांत गॅर्युलस आणि लोक्वेशस हेही असू शकतात. दोघांचा अर्थ बडबड्या. समानार्थी जोडी दिसली की हात तिकडे धावतो आणि वाक्य मागेच राहतं. ज्याने आधी ‘अबोल’ ठरवलंय, तो फसत नाही.

ओळखीचे शब्द तर जास्तच दगा देतात. ‘क्वालिफाइड’ म्हणजे पात्र, हे सगळ्यांना ठाऊक. पण समीक्षकाने एखाद्या नाटकाला ‘क्वालिफाइड प्रेझ’ दिली, तर ती हातचं राखून केलेली स्तुती असते. यादीतला एक अर्थ पाठ करणाऱ्याला हे कसं कळावं?

आता सरावाचं बोलू. उत्तर बरोबर आलं की मुलं पान उलटतात. खरा शब्दसंग्रह तर न निवडलेल्या पर्यायांत पडलेला असतो! त्या प्रत्येकासाठी, तो चपखल बसेल असं एक वाक्य स्वतः रचा. एका प्रश्नाला दहा मिनिटं लागतील, लागू द्या. असे पाच प्रश्न मला घाईघाईने सोडवलेल्या पन्नासांपेक्षा मोलाचे वाटतात. वहीत सुटा शब्द लिहू नका, अख्खं वाक्य लिहा, आणि दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने, शब्दावर बोट ठेवून पुन्हा भरा.

थांबून थांबून केलेली उजळणी जास्त टिकते, हे हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885 मध्ये स्वतःवरच प्रयोग करून मांडलं. त्यानेच पुढे, 1897 मध्ये, शाळकरी मुलांच्या आकलनाची चाचणी म्हणून उताऱ्यातले तुकडे गाळून ते भरायला दिले. गाळलेली जागा आणि उजळणी, दोन्ही एकाच माणसाने अभ्यासल्या, हे मला फार आवडतं.

एसएटी, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेजांची प्रवेशपरीक्षा, देणाऱ्यांनीही हे ऐकावं. तिथला वाक्यपूर्तीचा जुना प्रकार 2016 मध्ये बंद झाला, पण आताच्या संगणकावरच्या परीक्षेत छोट्या उताऱ्यातली रिकामी जागा पुन्हा आहेच.

जाता जाता एक वाक्य देते, लिहून घ्या. ‘तिचं भाषण छोटं असलं, तरी (टिंब टिंब) नव्हतं; प्रत्येक मुद्द्याला तिने पुरावा दिला.’ ‘तरी’भोवती गोल करा, आणि ‘नव्हतं’भोवतीसुद्धा. नमस्कार.