दादासाहेब मावळंकर: जन्म बडोद्याचा, वकिली अहमदाबादची

[दृश्य: दांडिया बाजार, सकाळ. ओट्यावर बसलेली म्हातारी मंडळी.]

दांडिया बाजारातल्या या ओट्यावर रोज सकाळी चार म्हातारे पेपर वाचत बसतात. एक पेपर मराठी, एक गुजराती, आणि दोन्हींची पानं एकमेकांत मिसळलेली. त्यांना विचारलं, "काका, लोकसभेचे पहिले अध्यक्ष आपल्या बडोद्यात जन्मले, ठाऊक आहे का तुम्हाला?"

पेपर खाली न करताच उत्तर आलं, "मावळंकर ने? ते तर अमदावादचे. आपले कसले!"

शेजारचे म्हणाले, "आडनाव तर आपलंच वाटतं."

दोघांचंही बरोबर होतं.

[दृश्य: लक्ष्मीविलास पॅलेस, सुरसागर, न्यायमंदिराचा दर्शनी भाग.]

गणेश वासुदेव मावळंकर. जन्म २७ नोव्हेंबर १८८८, बडोदे. गादीवर तेव्हा पंचवीस वर्षांचे सयाजीराव महाराज होते आणि लक्ष्मीविलास पॅलेसचं बांधकाम चालू होतं. हे न्यायमंदिरही उभं राहायचं होतं. मावळंकरांचं घराणं मूळ कोकणातलं, रत्नागिरी जिल्ह्यातल्या मावळंगे गावचं. आडनाव तिथूनच आलं. मुलाचं सुरुवातीचं शिक्षण राजापूर आणि आणखी दोन-चार गावांत झालं. १९०२ साली पुढच्या शिक्षणासाठी तो अहमदाबादला गेला आणि त्या शहराचाच झाला.

गुजरात कॉलेजातून १९०८ साली बी.ए. झाल्यावर वर्षभर तो त्याच कॉलेजात 'दक्षिणा फेलो' होता. या नावामागे एक गंमत आहे. पेशवे श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटायचे. राज्य गेल्यावर इंग्रजांनी त्या पैशाची हळूहळू बक्षिसं आणि शिष्यवृत्त्या केल्या. म्हणजे पुण्याच्या रमण्यातली दक्षिणा फिरत फिरत साबरमतीकाठच्या एका कोकणी पोराच्या हाती आली.

मग मुंबईचं गव्हर्नमेंट लॉ स्कूल. १९१२ साली कायद्याची परीक्षा पहिल्या वर्गात पास, आणि १९१३ साली अहमदाबादेत वकिली सुरू.

बडोद्यात का नाही? आपल्याकडे कोर्टं होती, कायदे होते, आणि सयाजीरावांनी १९०६ साली प्राथमिक शिक्षण सबंध राज्यात सक्तीचं केलं, तेव्हा शेजारच्या इंग्रजी मुलखात त्याचा पत्ताही नव्हता. पण संस्थानात शेवटचा शब्द हुजुरांचा. धारासभा, म्हणजे कायदेमंडळ, होती, ती सल्ला देण्यापुरती. सरकारशी उघड भांडायची खुमखुमी ज्या वकिलाला असेल, त्याच्यासाठी इंग्रजी हद्द बरी होती. मावळंकरांनी असा हिशेब करून अहमदाबाद निवडलं असं मी म्हणणार नाही. घडलं मात्र तसंच.

[दृश्य: अहमदाबाद, भद्र किल्ला. जुनी छायाचित्रं.]

आता १९१६ सालचा भद्रमधला गुजरात क्लब. संध्याकाळची वेळ आहे. कोर्ट आटोपून आलेले वकील पत्ते खेळताहेत. ब्रिजच्या टेबलावर एक बॅरिस्टर आहे, इंग्रजी सूट, जिभेला धार. नाव वल्लभभाई पटेल. जवळ बसून तरुण मावळंकर डाव पाहताहेत. तेवढ्यात क्लबात दक्षिण आफ्रिकेहून आलेले गांधी येतात. मावळंकर ऐकायला म्हणून उठतात. हा किस्सा पुढे मावळंकरांनीच सांगितला आहे: वल्लभभाईंनी त्यांना अडवलं. जाऊन काय ऐकणार, ते तुला विचारतील गव्हातले खडे निवडता येतात का, आणि म्हणे त्यानं स्वराज्य मिळणार!

मावळंकर तरीही गेले. वल्लभभाई पत्ते खेळत राहिले. दोन वर्षांच्या आत तेच वल्लभभाई खेड्यापाड्यांतून गांधींचा निरोप पोचवत होते.

ती संधी आली खेडा जिल्ह्यातून. १९१७ साली अतिवृष्टीनं पिकं गेली. महसुलाचा नियम साधा होता: पीक चार आण्यांच्या, म्हणजे पुऱ्या पिकाच्या चौथ्या हिश्श्याच्या, खाली आलं तर त्या वर्षीची वसुली पूर्ण तहकूब. आपल्याकडे ज्याला आणेवारी म्हणतात तीच ही भानगड. शेतकरी म्हणत, चार आणेसुद्धा नाहीत. सरकारी अंमलदार म्हणत, आहेत. शेतकऱ्यांची बाजू मांडणारी संस्था होती गुजरात सभा. तिचे अध्यक्ष गांधी आणि चिटणीस मावळंकर. पुढे जो खेडा सत्याग्रह म्हणून गाजला, त्याच्या मुळाशी एका नियमाच्या अर्थावरून पडलेला वाद होता. अशा वादात वकील घरच्या मैदानावर असतो.

नंतरची वीस वर्षं भराभर सांगतो. १९१९ पासून अहमदाबाद म्युनिसिपालटीत. प्रांतिक काँग्रेसचे चिटणीस. मध्ये काही काळ स्वराज्य पक्षात. मग मिठाचा सत्याग्रह, तुरुंग. १९३० ते ३३ आणि पुन्हा १९३५-३६ मध्ये म्युनिसिपालटीचे अध्यक्ष. कस्तुरभाई लालभाईंसारख्या गिरणीमालकांना बरोबर घेऊन अहमदाबाद एज्युकेशन सोसायटी काढली, तीही याच काळात. तोवर सगळे त्यांना दादासाहेब म्हणायला लागले होते. घरात मराठी, अशिलाशी गुजराती, न्यायाधीशापुढे इंग्रजी. बडोदेकरांना हे वेगळं सांगायला नको, आपली जीभही दिवसातून तीनदा कूस बदलते.

१९३७ साली मुंबई प्रांताच्या विधानसभेनं त्यांना अध्यक्ष निवडलं. १७५ आमदार, अहमदाबादपासून थेट धारवाडपर्यंतचे. बाळासाहेब खेर मुख्य मंत्री, तेही पेशानं कायद्याचेच. इथे दादासाहेबांचं काम उलटं झालं. चोवीस वर्षं एका बाजूचं वकीलपत्र घेणाऱ्या माणसाला आता दोन्ही बाजू ऐकायच्या होत्या, आणि आपलं मत गिळायचं होतं.

[दृश्य: साबरमती तुरुंगाची भिंत, लोखंडी दरवाजा.]

महायुद्ध आलं, मंत्रिमंडळं गेली, पुन्हा तुरुंग. दादासाहेबांच्या साऱ्या कारकिर्दीत मला सगळ्यात जवळचं वाटतं ते इथलं काम. बरोबरचे राजबंदी पुस्तकं वाचत, सूत कातत. दादासाहेब जन्मठेपेच्या, खुनाच्या कैद्यांशी गप्पा मारत बसायचे. तू कोण, कुठला, त्या दिवशी नेमकं काय झालं? कोर्टात वकील अशिलाला विचारतो ते खटल्यापुरतं, बाकीचं सांगू नकोस म्हणतो. इथे निकाल लागून गेलेला होता. लपवायचं काही राहिलं नव्हतं. त्या गोष्टी त्यांनी पुढे लिहून काढल्या, 'मानवतानां झरणां' या नावानं. म्हणजे माणुसकीचे झरे. पुस्तक गुजराती आहे. एका मराठी वकिलानं गुजरातीत लिहिलेलं, आणि त्याचे नायक शिक्षा भोगणारे गुन्हेगार.

[दृश्य: दिल्ली, संसद भवन, जुनी फिल्म.]

२४ जानेवारी १९४६. दिल्लीत केंद्रीय विधानसभेच्या अध्यक्षपदाची निवडणूक. समोर सर कावसजी जहांगीर, मुंबईतली जहांगीर आर्ट गॅलरी ज्यांच्या देणगीतून झाली तेच. सभागृहात काँग्रेसला बहुमत नाही. सरकारनं नेमलेले सदस्य आहेत, मुस्लिम लीग आहे. मोजणी झाली: ६६ विरुद्ध ६३. तीन मतांनी दादासाहेब.

ती खुर्ची दीड वर्षं टिकली. १४ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्री देश स्वतंत्र झाला आणि ज्या कायद्यानं झाला त्याच कायद्यानं ती जुनी विधानसभा संपली. सबंध देश जल्लोषात, आणि त्याच घटकेला यांचं पद गेलेलं. मग प्रश्न उभा राहिला: घटना लिहायला जमलेली संविधान सभा रोजचे कायदेही करणार का? करणार, तर कोणत्या अधिकारात? हे ठरवायला जी समिती नेमली, तिचे प्रमुख दादासाहेबच. त्यांनी दोन कामं वेगळी काढली. घटनेचं काम चालेल तेव्हा खुर्चीत राजेंद्रप्रसाद, कायद्यांचं चालेल तेव्हा सभापती वेगळा. १७ नोव्हेंबर १९४७ रोजी त्या दुसऱ्या खुर्चीवर त्यांनाच बसवलं गेलं.

पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. १५ मे १९५२ रोजी लोकसभेनं अध्यक्ष निवडला. मावळंकरांच्या विरोधात उभे होते शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव मोरे. स्वतंत्र भारताच्या पहिल्या लोकसभेत, दिल्लीत, अध्यक्षपदाची लढत दोन मराठी माणसांत! ३९४ विरुद्ध ५५.

लोकसभेचं रोजचं कामकाज आज ज्या चाकोरीत चालतं, तिचा मोठा भाग त्या चार वर्षांतला. त्यातली मला आवडते ती १९५३ सालची आश्वासन समिती. मंत्री सभागृहात सांगतात, "चौकशी करू", "लवकरच निर्णय घेऊ". ही समिती तेवढी वाक्यं वेचून वहीत उतरवते आणि नंतर विचारते: केलीत का चौकशी? साक्षीदाराचा जुना जबाब त्याच्याच पुढ्यात धरायची ही वकिली खोड आहे.

नेहरूंशी त्यांचं जमायचं, पण वटहुकमांवरून, म्हणजे संसद बसलेली नसताना सरकार परस्पर काढतं त्या कायद्यांवरून, नाही. १९५० साली आणि पुन्हा १९५४ साली त्यांनी पंतप्रधानांना पत्रं लिहिली. म्हणणं असं की वटहुकूम ही पद्धत मुळातच लोकशाहीशी विसंगत आहे, खरोखर तातडी असेल तरच ती वापरावी, वेळ मिळाला नाही ही सबब चालणार नाही. पंतप्रधान स्वतःच्याच पक्षाचे, देशभर ज्यांच्या शब्दाला मान, ते नेहरू. तरी लेखी हरकत नोंदवली. वटहुकूम निघत राहिले ते राहिलेच.

विरोधकांना मात्र ते पुरेसे तटस्थ वाटत नव्हते, आणि ती तक्रार अगदीच पोकळ होती असं मला वाटत नाही. स्थगन प्रस्ताव, म्हणजे ठरलेलं कामकाज थांबवून तातडीच्या विषयावर चर्चा मागणारा प्रस्ताव, ते सहसा येऊ देत नसत. सरकार आता आपलं आहे, इंग्रजांच्या काळातलं हत्यार आता त्याच सढळपणे उपसायचं कारण नाही, ही त्यांची भूमिका. विरोधी बाकावरून ती कशी दिसत असेल, ते समजू शकतं. शिवाय अध्यक्ष झाल्यावरही त्यांनी काँग्रेस सोडली नव्हती, आणि ते लपवलंही नव्हतं. १८ डिसेंबर १९५४ रोजी त्यांना पदावरून दूर करण्याचा ठराव लोकसभेत आला. अध्यक्षाविरुद्धचा हा पहिलाच ठराव. घटनेचं कलम ९६ सांगतं, अशा वेळी अध्यक्षानं खुर्चीत बसायचं नाही. उपाध्यक्ष अनंतशयनम अय्यंगार खुर्चीत बसले. ठराव फेटाळला गेला.

२७ फेब्रुवारी १९५६ रोजी अहमदाबादेत दादासाहेब गेले. अजून अध्यक्षपदावरच होते, वय ६७. त्यांच्या लोकसभेतल्या रिकाम्या जागी पत्नी सुशीलाबाई बिनविरोध निवडून आल्या. मुलगा पुरुषोत्तम १९७२ साली अहमदाबादेतूनच लोकसभेत गेला, तोही अपक्ष म्हणून.

[दृश्य: पुन्हा दांडिया बाजार. ओटा, पेपर, चहाचे कप.]

हे सगळं मी ओट्यावरच्या काकांना थोडक्यात सांगितलं. तारखा, मतं, मावळंगे, गुजरात क्लबातला तो पत्त्यांचा डाव. आता पेपर खाली आला होता.

"म्हणजे जन्म इथलाच?"

"इथलाच, काका."

"बघा, मी म्हटलं नव्हतं? आपलाच माणूस!" मग जरा पुढे वाकून, "पण हे व्हिडिओत घालताय ने, तर अमदावादवाल्यांना दाखवू नका. भांडतील."